स्टुलाची पाचवी

पारोळ्याकडच्या त्या गावात वनाभाऊंसारखा नवं नवं शिकून येणारा माणूस दुसरा नाही. मागे ससे पाळायचं शिकून आले, तर ससे आठवडाभरात शेजारच्या मेथीत स्थायिक झाले. यंदा धुळ्याच्या शिबिरातून आले ते बुरशीचं स्टूल शिकून. हसू नका. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुसा उकळायचा, गार झाला की त्यात बुरशीचं बियाणं कालवायचं आणि घमेल्यात दाबून अंधारात झाकून ठेवायचं. बुरशीचे धागे भुशाला असे आवळून धरतात, की घमेलं उपडं केलं की स्टूल. फक्त शेवटी भट्टीत तापवून बुरशी मारावी लागते. नाहीतर ती थांबायचं नाव घेत नाही.

धुळ्याचे फर्निचरवाले प्रेमराजशेठ रविवारी स्टूल बघायला येणार होते. पसंत पडलं तर दुकानात ठेवणार. सशांवरून गावानं वर्षभर चेष्टा केलेली. वनाभाऊंची सगळी अब्रू आता त्या घमेल्यात होती.

पण ते जरा बाहेर गेले आणि त्यांच्या पत्नी भिकुबाईंनी झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र, मऊ, हात लावावा तर अंग कोमट. आणि दिवस नेमका पाचवा. त्या घरात कैक वर्षांत पाळणा हलला नव्हता. बाईंनी पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला, सटवाईसाठी कोरा कागद नि पेन ठेवलं आणि नवऱ्याच्या स्टुलाची रीतसर पाचवी पुजली.

वनाभाऊ भट्टी पेटवायला आले, तर बायको घमेलं मांडीवर घेऊन बसलेली.

“पाचवी पुजेल शे. आते भट्टीमा टाकशात का?”

वनाभाऊंनी परोपरीनं समजावलं, की अगं, सटवाई याच्या नशिबात लिहून लिहून काय लिहील? बसणाऱ्याचं वजन. बाई ढिम्म. दोन दिवसांत कडेला भूछत्राच्या कळ्या फुटल्या. वनाभाऊ म्हणाले, आता स्टूल भुसभुशीत होणार. बाई कौतुकानं म्हणाल्या, कान आले.

शनिवारी भागाबाई सुईण बाळ बघायला आली. निम्मं गाव तिच्याच हातून जगात आलेलं, त्यामुळे ती कशालाच दचकत नाही. तिनं हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अंग ओलं शे. शेक दिधा का नही येले?”

भिकुबाईंचा चेहराच उतरला. पाचवी पुजायची आठवली आणि शेक विसरला. त्याच उठल्या, भट्टी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा-बाळंतशोपा टाकल्या आणि आपल्या हातानं स्टूल आत ठेवलं. वनाभाऊ तापमान बघत उभे. मध्येच बाई म्हणाल्या, पुरे, चटका बसेल. भागाबाई म्हणाली, पोटात गारठा राहील, राहू दे अजून. वनाभाऊंना सुईणीच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारी शेठ आले. स्टूल खडखडीत, हलकं, ओव्याच्या वासाचं. शेठ बसायला वळले, तर बाई आडव्या. पहिल्यांदा घरी आलेल्यानं बाळाला आधी मांडीवर घ्यायचं असतं. शेठ भारदस्त गृहस्थ. ते खाली सतरंजीवर बसले आणि स्टूल त्यांच्यावर. त्यांनी ते उलटंपालटं केलं, बोटांनी ठोकलं, बाई कळवळल्या, आणि मग म्हणाले, आणखी करा, पण वास हाच पाहिजे.

वनाभाऊ हो म्हणणार, तोच बाईंनी बजावलं, एका वेळी एकच, जुळ्यांचं मला झेपणार नाही. आणि सव्वा महिना झाल्याशिवाय हे घराबाहेर जाणार नाही.

सव्वा महिन्यानं शेठ गाडी घेऊन न्यायला आले. येताना बाजारातून टोपडं आणलं होतं. ते झालं असतं तर फार तर स्टुलाच्या एका पायाला. पण या स्टुलाला पायच नव्हते, म्हणून बाईंनी ते मधोमध ठेवलं आणि शेठना सांगितलं, धुळ्यापर्यंत खिडकी लावून घ्या.