पागोट्यातला हुकूम

बोलण्याआधी तो पागोट्याच्या घडीत दोन बोटं घालायचा. तिथला कागद अर्धा बाहेर काढायचा, समोरच्याला दाखवायचा आणि न उलगडताच परत खोचायचा. मग म्हणायचा, "हुकूम आहे."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. मी पाहिलेला हा तहसिलीतला अंमलदार, पुण्याकडून बदलून आमच्या तेल्हाऱ्याच्या भागात आलेला. लोक त्याला रावसाहेब म्हणत. तोंडावर मीही म्हणायचो.

कागद मिळण्याआधीचा रावसाहेब वेगळा होता. कचेरीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा त्याने धारेखाली घंगाळ ठेवलं आणि कौलं फिरवायची परवानगी अकोल्याला मागितली. उत्तर आलं तेव्हा पावसाळा संपला होता. घंगाळ भरलं की ते ओतावं का, हे त्याने कोणाला विचारलं नाही, यातच मोठी हिंमत दाखवली म्हणायची.

पुढच्या भादव्यात पूर्णेला पूर आला आणि खालच्या अंगाचं एक गाव वाहून गेलं. वाचलेली शंभरेक माणसं माझ्या कापसाच्या वखारीत येऊन बसली. अकोल्याच्या साहेबाने तातडीचा कागद धाडला: पुराचं संकट टळेपर्यंत अंमलदाराने कोणाचीही गाडी, लाकूड, धान्य न विचारता घ्यावं. कागद तसा शहाण्याचा होता. पोचला मात्र भलत्याच्या हाती.

पहिल्या दिवशी त्याने गावातल्या सगळ्या बाजा उचलल्या. न्हाव्याच्या घरची सून चार दिवसांची बाळंतीण. तिलाही खाली उतरवलं. पूरग्रस्तांना जमिनीवर निजवायचं नाही म्हणे! माणसं शंभर आणि बाजा दीडशे. उरलेल्या पन्नास वखारीबाहेर पावसात उभ्या. आणि ती माणसं? ती बाजांवर बसून भाकरीची वाट पाहत होती.

आता धान्याचं सांगतो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना म्हणून इथले भाव चढले होते आणि वऱ्हाडातला शेतकरी बांधापर्यंत कापूस पेरत होता. ज्वारी कोणाला नको होती. मी कापसाचा अडत्या, म्हणजे दलाल, दुसऱ्याच्या गाड्या हाकत वर आलेला. कापूस शिजवून खाता येत नाही एवढं मला कळत होतं. म्हणून मी ज्वारीची चार पेवं भरून ठेवली होती. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा, तोंडावर मातीचा जाड थर. पावसाळ्यात पेव उघडायचं नाही, आणि उघडलंच तर एक, तेही कोरड्या दिवशी उघडून रिकामं करायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

रावसाहेब आला. मी भाव सांगितला, हे खरं आहे. भाव न सांगता मी आयुष्यात काही दिलं नव्हतं. त्यात एक दुपार गेली. ती दुपार माझ्या पदरात घाला, मी नाकारत नाही. पण संध्याकाळ व्हायच्या आत मीच म्हणालो, "भाव राहू द्या. एक पेव आज घ्या. ते सरलं की दुसरं."

"साठ्याची पूर्ण मोजदाद झाल्याशिवाय वाटप नाही," तो म्हणाला. "चारही उघडा."

पेवं काढण्यात ज्याचा जन्म गेला तो म्हादबा हात जोडून पुढे झाला. "सारे एकदम काहून खोलून राहिले जी? आभाय भरून आलं. एका पेवात साऱ्याइचं पोट भरते."

दोन बोटं पागोट्यात गेली. "हुकूम आहे. तुम्हा वऱ्हाड्यांना अडवण्याखेरीज दुसरी विद्या येत नाही."

"अन् तुमाले कोणती येते?" मी ओरडलो आणि त्याची दऊत लाथेने उडवली. शिपायांनी मला चावडीत नेऊन बसवलं. पाऊस सुरू झाला तो मी तिथूनच ऐकला.

तिकडे चारही पेवं उघडली होती. म्हादबाने त्यांची तोंडं बुजवू का म्हणून विचारलं. "मोजदाद अपुरी आहे," रावसाहेब म्हणाला, आणि त्याने पेवांवर बाजा टाकल्या. सुंभाने विणलेल्या बाजा! पाऊस तीन दिवस त्यांतून गाळून आत पडत होता.

चौथ्या दिवशी मला सोडलं आणि वाटप झालं. ज्वारी काळी पडली होती, आंबली होती, हात घातला की आत कढत लागत होती. खालच्या गावची एक म्हातारी ओंजळ भरून त्याच्यासमोर आली.

"रावसायेब, हे तुमी खाऊन पायलं का जी?"

बोटं पागोट्यात गेली. कागद अर्धा बाहेर आला. "हुकूम आहे."

म्हातारीने कागदाकडे पाहिलं. "मंग तोच द्या. तो तरी शिजवून खाऊ."

कोणी हसलं नाही. त्या आठवड्यात वखारीत जुलाबाने चार माणसं गेली. त्यांत ती होती.

अकोल्याला कळवलं गेलं की एका दलालाने दडवलेला साठा जप्त करून सगळा वाटण्यात आला. तो दडवणारा दलाल म्हणजे मी. कचेरीच्या दप्तरात मी अजून तसाच आहे.

पूर ओसरला. कागद अकोल्याला परत गेला आणि रावसाहेबाची मोर्शीला बदली झाली. जायच्या दिवशी गावात एकाही गाडीवानाने त्याच्यासाठी बैल जुंपले नाहीत. शेवटी तो पायी माझ्या दारात आला.

"अडते, एक गाडी हवी होती."

"हुकूम आहे?" मी विचारलं.

त्याचा हात सवयीने वर गेला. दोन बोटं घडीत शिरली, चाचपडली, आणि तिथेच राहिली. घरातून हाकलून दिलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्याचं. क्षणभर, फक्त क्षणभर, मला ते बघवेना.

मी गाडी जुंपायला सांगितली. "भाडं किती?" त्याने विचारलं.

मी गड्याला गाडी हाकायची खूण केली. जन्मभर मी चोरांशी सौदा केला, लबाडांशी केला, एकदा तर माझ्या सासऱ्याशी केला. त्याच्याशी करायची मला लाज वाटली.

गाडी चार उघड्या पेवांजवळून गेली. आंबूस वास अजून येत होता. त्याने नाकाला उपरणं लावलं नाही; एक हात मात्र वळणापर्यंत पागोट्यावरच होता.