डोळ्यावरचं बोट

दुर्बिणीतून नाकाच्या शस्त्रक्रिया शिकायला मी धाराशिवला गेले, तेव्हा सरांनी मला कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी दाखवली. सोप्याकडून अवघडाकडे, दहा पायऱ्या. पहिली, म्हणजे सगळ्यांत सोपी: पेशंटच्या मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवून बसणं. नाकालगतच्या पोकळ्या आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा जेमतेम पापुद्रा असतो. तो फुटला असेल, तर डोळा हलकेच दाबला की डोळ्याभोवतीची पिवळी चरबी दुर्बिणीच्या पडद्यावर हलताना दिसते. म्हणून आमच्याकडे डोळा झाकायचा नाही आणि बोट काढायचं नाही.

तीन महिने मी बोट ठेवून बसले. परीक्षेत पहिली आलेली मी, आणि काम काय, तर हे! राग तर माझ्या नाकावरच असतो. सर मात्र शांत. पेशंट कळंबचा आडत व्यापारी असो की अणदूरची म्हातारी, दुर्बीण हातात घेण्याआधी ते त्या माणसाच्या पोकळ्यांचं चित्र स्कॅन बघून स्वतः कागदावर काढायचे. इतक्या वर्षांनंतरही. असा डॉक्टर मी पाहिला नव्हता, आणि चिडचिड करत का होईना, मी त्यांच्यावर फिदा होते.

एकेक पायरी चढत अखेर सहावी माझ्या वाट्याला आली: डोळ्यालगतच्या पोकळ्या मोकळ्या करणं. पेशंट बेंबळीच्या एक बाई. नाकात मांस वाढून वास पार गेलेला. दूध करपलं की शेजारीण येऊन सांगायची. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "डोळ्याजवळ हाय म्हणं. नीट करा बरं का, ताई."

त्या दिवशी बोट ठेवायला सर स्वतः बसले. थोड्या वेळानं रक्त यायला लागलं आणि पडदा लाल झाला.

"दिसतंय ना?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. दिसत नव्हतं. पण इतक्या दिवसांनी मिळालेलं हत्यार मला खाली ठेवायचं नव्हतं. मी तशीच पुढे कापत गेले.

सरांनी डोळा दाबला. पडद्यावर पिवळं काहीतरी हललं.

"थांबा."

सर ओरडले नाहीत. त्यांनी औषधात भिजवलेली पट्टी ठेवली, रक्त थांबू दिलं आणि त्या जागेला न शिवता उरलेलं काम स्वतः पुरं केलं. बाईंच्या नवऱ्याला काय झालं ते सरळ सांगितलं. मी खाटेजवळच बसून राहिले. बाई नीट शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांच्यासमोर दोन बोटं धरली.

"दोन," बाई म्हणाल्या. "अन् तुमी रडताय कशापायी?"

मग मी सरांना सगळं सांगून टाकलं, की मला दिसत नव्हतं आणि मी खोटं बोलले. ते म्हणाले, "हे यादीत लिहायचं राहिलंच की माझ्याकडून."

पंधरा दिवसांनी दुसऱ्या पेशंटवर पुन्हा सहावीच पायरी, पुन्हा माझ्याच हातात. सर डोळ्याशी बसलेले. रक्त आलं. मी हत्यार थांबवलं.

"सर, दिसत नाही."

"मलाबी दिसत न्हाय," सर म्हणाले. "थांबू या."