बातमी पोचली की सुतक

वारूळवाडीची पुष्पा गरीब स्वभावाची, असं सगळे म्हणतात. गरीब कसली? तिला बोलू कोण देत होतं!

तिचा धाकटा भाऊ मच्छिंद्र माहेराहून, निरगुडसरहून, मेंढरं घेऊन कोकणात उतरला आणि तिथंच तापानं गेला. निरोप तिच्या सासरच्या फोनवर आला, पण घरात दिराचं लग्न होतं. लग्नघरात रडारड नको म्हणून सासूनं, गोजरबाईनं, तो गिळून टाकला. तिकडं भावाला अग्नी दिला, इकडं बहीण हळदीची गाणी म्हणत होती. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन महिन्यांनी नारायणगावच्या बाजारात माहेरची एक बाई म्हणाली, "भावाच्या दहाव्यालाबी आली न्हाईस गं?" तेव्हा पुष्पाला कळलं. घरी येऊन तिनं हंबरडा फोडला, तर गोजरबाई म्हणते कशी, "शिळी बातमी ती. आता कशाला गळा काढती? द्राक्षं तोडायची हायेत, माहेरी मागनं जा." नवऱ्यानं आईच्या बोलण्यावर मान डोलावली. नंदीबैल मेला! दूरचं मरण उशिरा कळलं तरी कळल्याबरोबर डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं, हे त्या म्हातारीला ठाऊक नव्हतं थोडंच?

त्याच महिन्यात, २००४ च्या फेब्रुवारीत, खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर विज्ञान प्रदर्शन भरलं. गाव लोटलं, त्यात या सासूसुनाही. एक तरुण शास्त्रज्ञ सांगत होता, एक प्रचंड तारा कोसळून मेला आणि मरताना गॅमा किरणांचा भडका उडाला. भडका काही सेकंदांचा, तो उपग्रहानं टिपला. पण चूल विझली तरी राख गरम राहते, तशी त्याची धग रेडिओ लहरींतून अजून येतेय. दुर्बिणीच्या या तबकड्या तीच टिपतात.

"मेला कवा त्यो?" पुष्पानं विचारलं.

"दोनशे कोटी वर्षांपूर्वी."

"आन् तुमी आत्ता बघताय?"

"बातमीच गेल्या वर्षी पोचली, मावशी. प्रकाशाला यायला तेवढा वेळ लागला."

पुष्पा सासूकडं वळली. "ऐकलं का, आत्याबाई? दोनशे कोटी वर्सांचं मरान ह्यांना शिळं न्हाई. आन् माझा मच्छिंद्र दोन महिन्यांत शिळा झाला व्हय?"

"चारचौघांत तमाशा नगं. घरी चल."

पुष्पा घरी गेली नाही. नारायणगावला तिनं मंचरची जीप धरली आणि दिवस मावळायच्या आत निरगुडसर गाठलं. दारात आई बसली होती. लेकीला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"आत्ता सवड झाली व्हय?"

पुष्पानं दारातली घागर उचलली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली.

"सवड न्हाई गं आये," ती म्हणाली, "बातमी आत्ता पोचली."