आक्कासाठी उघडलेली चाकं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला सगळं गाव आक्का म्हणतं, मीही इथे तेवढंच लिहितो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो तो तिच्यामुळे. सांगलीला इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्यायला माझ्याबरोबर तीच आली होती. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "पालक कोण?" आक्का पदर सावरून पुढे झाली.

"मीच की."

"आई का?"

"आई रानात हाय. ह्याचं सगळं माझ्याकडं असतंय."

क्लार्क हसला आणि त्याने कागद आत घेतले. आक्का तेव्हा नुकतीच विधवा होऊन लहान मुलीसह माहेरी परत आली होती. गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम करत होती. स्वतःच्या मुलीचं आणि माझं शिक्षण तिने एकाच चुलीवर सांभाळलं असं मी म्हटलं, तर ते शब्दशः खरं आहे.

आमचं गाव आटपाडीकडचं. मी आता पनवेलला राहतो आणि एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. तिथे आम्ही मोटरहोमची देखभाल करतो. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, छोटं बाथरूम असलेल्या या गाड्या लोक सुट्टीसाठी भाड्याने नेतात. अशा गाडीत कुणी बसलेलं नसलं तरी घराचं वजन असतंच. ते वजन रात्रंदिवस चाकांवर आणि चाकांच्या बेअरिंगवर असतं. त्यात या गाड्या पावसाळाभर जागच्या जागी उभ्या राहतात. आमचं आवार खाडीपासून फार लांब नाही. खारी हवा ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते, आत गंज धरतो, आणि पावसाळ्यानंतर गाडी हलवायला गेलं की मागची चाकं जमिनीला चिकटल्यासारखी अडून बसतात. म्हणून सुट्ट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीची चारही चाकं उघडायची, असा आमच्याकडे नेम आहे. बिघाड असो वा नसो.

आक्काला गाडीची भीती बसली ती मी नोकरीला लागल्यानंतर. बाजाराच्या दिवशी ती वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपने तालुक्याला चालली होती. उतारावर जीपचे ब्रेक लागेनात. जीप रस्ता सोडून ओघळीत गेली. कुणाचा जीव गेला नाही, आक्काचा हात मोडला, तो बराही झाला. पण त्यानंतर ती कुठल्याच वाहनात बसली नाही. जिथे पायी जाता येईल तेवढंच तिचं जग राहिलं. मी एकदा म्हणालो, रेल्वेनं तरी ये. तर म्हणाली, "रेल्वेत डायवर दिसतच न्हाई. थांब म्हणून सांगायचं कुणाला?"

तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, खारघरला नर्सिंगच्या कॉलेजात शिकते. यंदा तिचा शपथेचा समारंभ होता. पांढऱ्या गणवेशातल्या मुली हातात दिवा घेऊन रुग्णसेवेची शपथ घेतात, आईवडील समोर बसतात. भाचीने आईला ये म्हणून एकदाही म्हटलं नाही. मला मात्र एका संध्याकाळी बोलता बोलता म्हणाली, "मामा, मी दोन पास मागून घेतलेत." दुसरा पास कुणाचा हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मी आमच्या मालकांकडे गेलो. ते पनवेलचेच कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सर्व्हिस झालेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी लांबच्या रस्त्यावर चालवून बघायची, हा त्यांचाच दंडक. मी विचारलं, या वेळची फेरी आमच्या गावापर्यंत मारली तर चालेल का? बहिणीला आणायचंय. ती झोपून येऊ शकेल, मनात येईल तिथे उतरू शकेल.

"अरे, यात विचारायचं काय?" चाचा म्हणाले. "बहन येतेय म्हटल्यावर गाडी अशी तयार कर की तुझी तुलाच तसल्ली झाली पाहिजे."

एरवी चाकांचं काम आमचे मुख्य मेकॅनिक करतात आणि मी तपासून सही करतो. त्यांना सगळे काका म्हणतात. ते खारघरमधल्या मूळ बेलपाडा गावचे, आवाज एवढा मोठा की फोन न लावताही गिऱ्हाइकाला ऐकू जावं. या वेळी मी त्यांना म्हणालो, चारही चाकं मी करतो, तुम्ही तपासा.

"बगा रे," काका आवारभर ओरडले, "आज इंजिनेर सायब हात कालं करनार! सायब, कपरं तरी बदला. घरान घेनार नाय तुमाला."

मी कपडे बदलले. गाडी घसरू नये म्हणून चाकांना उटी लावली, ती जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. मागचा डावा ड्रम निघेना. काकांनी लाकडाचा ठोकळा धरला, मी हातोडी मारत गेलो, तेव्हा कुठे तो सुटला. आतून लाल भुकटी सांडली. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी ब्रेकची लायनर झिजली होती. अजून हंगाम काढला असता, पण मी ती बदलायची ठरवली. पुढच्या चाकांतली बेअरिंग काढून डिझेलमध्ये धुतली. त्यांच्या रोलरवर निळसर डाग किंवा खड्डा असला तर ते टाकून द्यावं लागतं. ही चांगली होती. फक्त जुनं ग्रीस काळं आणि घट्ट झालं होतं.

आणि इथे माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आक्काकडे मुलीशी बोलायला घेतलेला मोबाइल आहे. मी उघड्या चाकाचा व्हिडिओ काढला. "हे बघ आक्का, याच गाडीने तुला समारंभाला न्यायला येतोय. हा ड्रम, हे झिजलेलं लायनर, ही बेअरिंग," असं सगळं उत्साहाने सांगत गेलो. तिला वाटेल, भाऊ किती काळजी घेतोय. पाठवून दिला.

थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

"आरं, चाकच निघालंय की रं!"

"निघालं नाही आक्का, मी काढलंय."

"काढायची पाळी का आली मग?"

"पाळी नाही आली. गाडी चांगली आहे. हे आधीच करायचं असतं."

"चांगल्या गाडीचं चाक कोण काढतंय? मला शिकवू नगंस." मग तिचा आवाज रडवेला झाला. "त्या दिवशी मी बांधावर पडल्याली. हात लोंबत हुता. समोर माणसांनी जीपचं चाक काढलं, आन् आतलं अस्संच काळं काळं बाहेर आलं. डायवर सकाळपास्नं म्हनत हुता, आवाज येतोय, बाजार झाल्यावर बगू. तेच दावलंस तू मला." आणि तिने फोन ठेवला.

हे मला माहीत नव्हतं. हात मोडल्याचं तिने सांगितलं होतं, चाकाचं कधीच नाही. मला आमच्या गावाची रीत मात्र माहीत होती. ट्रॅक्टर असो की मोटरसायकल, बंद पडल्याशिवाय कुणी उघडत नाही. उघडलं म्हणजे बिघडलं, हाच हिशोब. त्या हिशोबाने मी बहिणीला मोडकी गाडी दाखवून, यात बस, म्हणालो होतो.

काकांना सांगितलं तेव्हा ते हातातलं फडकं टाकून माझ्यासमोर उकिडवे बसले. "सायब, पोटाचा आपरेशन चालू हाय आनि तुमी नातेवाइकाला बोलावून दावताव! बरा झाल्यावर दावाचा." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बिचारी. आमची बायको पन अशीच. मासे पकराला होरीत बसते, रिक्षात नाय बसत."

चाचांनी वेगळंच सांगितलं. "फोन करू नकोस. खत लिही. मी आखातात होतो तेव्हा फोनवर माझी बीवी नुसती रडायची. मी काय बोललो ते तिच्या डोक्यात राहायचंच नाही. तीच गोष्ट कागदावर लिहिली की ती चार वेळा वाचायची आणि मग नीट जवाब द्यायची. घाबरलेल्या माणसाला थांबायला जागा पाहिजे, बाबा. फोनमध्ये ती नसते."

मी काम पुरं केलं. बेअरिंगमध्ये तळहाताने नवं ग्रीस दाबून भरलं, नवी सील बसवली. हबचा नट आवळताना चाक हाताने फिरवत राहावं लागतं. घट्ट झाला की तो जरासा मागे सोडायचा, नाहीतर बेअरिंग तापतं. मग चाक वरखाली धरून हलवून बघायचं. काकांनी चारही चाकं हलवून बघितली आणि एकाही चाकाबद्दल टोमणा मारला नाही. ब्रेकच्या नळ्यांतलं जुनं ऑईल काढून नवं भरलं. काका पेडल दाबून धरत आणि मी चाकाजवळचा बारीक स्क्रू सैल करून हवेचे बुडबुडे काढत होतो. "दाबा!" "दाबलाय!" "सोडा!" असं चाललं होतं. मग उरणच्या रस्त्यावर फेरी मारली. परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या मधोमध हात लावला. सगळी सारखीच कोमट होती, कुठलंच तापलं नव्हतं. चाकांचे नट पुन्हा आवळले.

घरी आलो, हात धुतले आणि पत्र लिहायला बसलो. आक्का आली का, हे आधीच सांगून टाकतो. आली. वाटेत आम्ही पुष्कळदा थांबलो. खंडाळ्याचा उतार तिने माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून पार केला. भाचीने दिवा हातात घेतला तेव्हा ती पुढच्या रांगेत होती. हे श्रेय पत्राचं की मुलीच्या ओढीचं, मला ठरवता येत नाही. पण पत्र तिने जपून ठेवलंय, आणि तिला विचारूनच ते इथे देतो.

आक्का,

फोनवर तू रडायला लागलीस की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. भीती वाटेल तिथे कागद खाली ठेव, चहा पी, मग पुढचं वाच.

तो व्हिडिओ पाठवायला नको होता. तू बांधावर पडून काय बघितलंस ते मला माहीत नव्हतं. पण त्यातलं जे झिजलेलं दिसलं ते आता गाडीत नाही. तुमच्या ड्रायव्हरला आवाज येत होता आणि त्याने बाजार होईपर्यंत वाट बघितली. आम्ही आवाज यायची वाट बघत नाही. काही होत नसतानाच उघडतो, धुतो, झिजलेलं टाकतो. इथे सगळ्याच गाड्यांचं असं करतात. तुझ्या गाडीचं मी माझ्या हाताने केलं. आमच्या काकांनी ते परत तपासलं, कारण आपलंच काम आपणच बरोबर म्हणणं बरं नव्हे.

ब्रेक कधीच बिघडत नाहीत, असं मी तुला सांगणार नाही. तू मला खोटं बोलायला शिकवलं नाहीस. एवढंच सांगतो, की माझ्या डोळ्यांना आणि हाताला जेवढं कळतं तेवढं सगळं मी बघितलंय. घाटात मी ब्रेकवर सगळा भार टाकणार नाही. लहान गिअरमध्ये हळूहळू उतरीन. मागचे हॉर्न वाजवतील, त्यांना वाजवू दे.

तू माझ्या शेजारी बस, म्हणजे रस्ता तुला दिसेल. दमलीस तर मागे पलंग आहे. थांब म्हणालीस की नीट जागा बघून थांबेन. का, म्हणून विचारणार नाही. अर्ध्या वाटेत परत चल म्हणालीस तर गाडी वळवीन, आणि त्यावरून तुला कुणी काही बोललं तर मी बघून घेईन.

पोरीने तुला ये म्हटलं नसेल. तुला त्रास होईल म्हणून ती म्हणत नाही. पण तिने तुझा पास आणून ठेवलाय.

शनिवारी सकाळी येतो. गाडी दारात आणत नाही, शाळेच्या मैदानात लावतो. पोरं जमतील, जमू देत. इंजिन बंद करून किल्ली तुझ्या हातात देईन. आधी गाडीभोवती फिर, चाकांना हात लाव, काय विचारायचं ते विचार. मग वाटलं तर वर चढ आणि नुसती बस. किल्ली कधी परत द्यायची ते तू ठरव.

तुझा भाऊ