धाकटीच्या हातातला क्रेट

माझी धाकटी जाऊ सगळ्यांना आवडते. सासूबाईंना आवडायची, शेजारणींना आवडते, आता दुकानातही तिचंच कौतुक. मी कुणाचं काय घोडं मारलंय, देव जाणे!

दुकान म्हणजे आमचं सभासदांचं दुकान. मोठ्या दुकानांतून उरलेला माल इथे येतो. तारीख जवळ आलेली बिस्किटं, पोचे पडलेले डबे, वाकड्या काकड्या. हातातोंडाची गाठ पडत नाही अशा लोकांना सभासद करून घेतात आणि तो पाव किमतीत देतात. कोपऱ्यात चहाचं टेबल आहे, तिथे नोकरी शोधायलाही मदत करतात. मी पहिल्यापासून तिथे बिनपगारी राबते. मागच्या खोलीत बसून सडका बटाटा हुडकण्यात माझा कुणी हात धरणार नाही.

धाकटीला तिथे आणलं कुणी? मी! भावोजींच्या पाठीचं दुखणं वाढलं, काम सुटलं, तरी ही बाई अवाक्षर काढेना. तिच्या घरी गेले तर म्हणे, "आम्ही आत्ताच जेवलो, वहिनी." शेगडी गार, ओटा कोरडा ठणठणीत. जेवले म्हणे! दुसऱ्या दिवशी हाताला धरून दुकानापर्यंत नेली, तर दाराशी पाय रोवून उभी.

"कुणी बघितलं तर?"

मालाची गाडी तिथेच उभी होती. मी टोमॅटोचे दोन क्रेट एकावर एक उचलले आणि ओरडले, "अगं, बघत काय बसलीस? वरचा धर, माझे हात निसटतायत!"

तिने धरला. माझ्यामागून आत आली.

निसटतायत कसले! असे तीन मी एका दमात उचलते.

आता तीच दाराशी निळा एप्रन घालून उभी असते. कुणी नवखं माणूस लाजून बाहेरच घुटमळलं, की त्याच्या हातात क्रेट देते. "हा जरा आत ठेवता का?" माणूस आत. सगळे म्हणतात, काय डोकं आहे बाईला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. वारूळ मी केलं आणि आयत्या बिळावर हा नागोबा!

त्यात दाराशी बसायला एक पगारी जागा निघाली. आमच्याही घरी काही सोन्याचा धूर निघत नाही. शिवाय खुर्ची, पंखा, आणि हाताला सडक्या बटाट्याचा वास नाही. मला ती जागा हवीच होती. धाकटीलाही हवी होती.

मॅनेजरबाईंनी दोघींना चहाच्या टेबलाशी बसवलं. "दुकानात तुम्ही नवीन काय सुरू केलंत?"

"क्रेट," धाकटी म्हणाली.

मी दात आवळले. म्हटलं, थांब, आता तुझं सगळं बाहेर काढते.

"पण त्यात माझं डोकं नाही हो," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी परतच फिरणार होते. तेवढ्यात वहिनींचे हात निसटायला लागले. त्यांना माझी गरज पडली, म्हणून मी आत आले. घरी गेल्यावर ह्यांना ताठ मानेनं सांगितलं, मदत करायला गेले होते, त्यांनी थोडा बाजार दिला."

मॅनेजरबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

एक वाक्य, की जागा माझी. अगदी जिभेच्या टोकावर होतं. धाकटी माझ्याकडे बघून हसत होती, मेली.

"मी काय, बटाटे निवडते," मी म्हणाले. "माझे हात जरा कच्चेच आहेत. जड उचलवत नाही."

जागा धाकटीला मिळाली. चहात साखर किती घातली तरी तो मला कडूच लागला, खोटं कशाला बोलू?

आणि आता ती मला साधी पिशवीसुद्धा उचलू देत नाही. चारचौघांत हातातून काढून घेते. "राहू द्या वहिनी, तुमचे हात निसटतात."

असा संताप होतो म्हणून सांगू! पण देते पिशवी.