चाकांवरचं घर आणि तोंडवलीची भरती

आमच्या हिला अर्धांगवायू झाला, त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. भांडलो नाही, कारण भांडायलासुद्धा बोलावं लागतं. सकाळी आंघोळ करून देवघरासमोरून सरळ चुलीकडे जायचो. देवांची पूजा शेजारीण येऊन करायची आणि मी तिला फुलंसुद्धा काढून देत नसे. हे आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी वाटत नव्हती.

मी फोंडाघाटचा सुतार. घाट चढणाऱ्या ट्रकांचे हौदे बांधण्यात जन्म गेला. हात चालतात तोवर आपलं काही अडत नाही, असा माझा पक्का समज होता. हिचा उजवा हात-पाय गेला, बोलणं जड झालं, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या हातांना काम सुचेना. मालीश झालं, काढे झाले, दोन डॉक्टर झाले. वर्षभराने दुसरे डॉक्टर म्हणाले, आहे त्यात समाधान माना. वाईट असं की ती खरोखरच समाधान मानून बसली. जेवण पुढे केलं तर जेवायची, कूस बदलून दिली तर बदलायची. भाजीत मीठ कमी पडलं तर आख्ख्या आळीला कळेल अशी जिची जीभ, ती बाई आता काही मागतच नव्हती. मला तिच्या दुखण्यापेक्षा त्या न मागण्याची भीती वाटायला लागली. दिवा विझायच्या आधी असाच शांत होतो.

एका दुपारी तिने सावकाश, एकेक शब्द जुळवत मागितलं. "अहो, माका एकदा दर्या बघूचो आसा."

तिचं माहेर तोंडवलीचं. भाऊ गेले, घर बंद पडलं, तरी समुद्र होता. पण नेणार कसं? एस.टी.त तिला बसवणं शक्य नव्हतं, आणि जीपमध्ये आडवं घालून न्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. धक्के लागता कामा नयेत, वाटेत दोन-तीनदा थांबून कूस बदलायला हवी, गरम पाणी हवं, आणि बाकीची सोयही जागच्या जागी हवी. घरच लागेल असं म्हणा ना, असं मी त्यांना रागाने म्हणालो. घरी येईपर्यंत तो राग उतरला आणि डोक्यात नुसतं मोजमाप उरलं.

कोल्हापूरहून ट्रकचा नुसता सांगाडा, नवीकोरी चासी, आणली आणि तिच्यावर मी घर बांधलं. फणसाच्या लाकडाची खाट, खाली गवताची आणि वर कापसाची गादी. स्टोव्ह, पाण्याची टाकी, तिला तोटी, मिटवता येणारं टेबल, पडद्यामागे झाकणाची बादली. हिला खाटेवर निजवून डोळ्यांची पातळी सुताने मापली आणि बरोबर तिथे खिडकी काढली. सवयीने देवाची फळीही ठोकली आणि तिच्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्या. बाजारातले लोक बघायला यायचे. म्हाताऱ्याने घराला चाकं लावली, आता बायकोला घेऊन पळून जाणार, अशी थट्टा चालायची. मलाही ती आवडायची. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण असलं घर नव्या जिल्ह्यात नव्हतं आणि जुन्यातही नव्हतं, असं मी छाती काढून सांगायचो.

आमच्याकडे घर बांधलं की त्या जागेच्या राखणदाराला, जागेवाल्याला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक बोलाला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. होकार द्यायला कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं जुनी माणसं मानतात. आमचा गुरव त्यासाठी आपण होऊन आला. पण त्यालाही प्रश्न पडला, की हे घर आज इथे, उद्या तिथे, मग जागेवाला कुठला धरायचा? मी त्याला तोडून टाकलं. म्हटलं, "चाकांवरच्या घराक जागेवालो कसलो? ह्यां घर माज्या हातान उबां आसा." लोक हसले. ही आत खाटेवर होती, ती हसली नाही.

चौघांनी तिला खुर्चीत बसवून दारातून आत घेतलं होतं. दार मी अरुंद ठेवलं होतं, वारा लागू नये म्हणून. तिला बाहेर यावं लागू नये इतकी सगळी सोय मी आत केली होती. तिला कधी बाहेर काढायची वेळ आली तर कसं, हा विचार मात्र मी केला नव्हता. गाडी मीच चालवत होतो, बरोबर तिसरं माणूस नव्हतं. कुणाची गरज काय, हाच तोरा.

आचऱ्यावरून तोंडवलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हिला गोळीने झोप लागली होती. सुरूच्या झाडांमधून एक वाट थेट पुळणीवर उतरत होती. कोरड्या वाळूत चाकं फिरायला लागली, पण खाली पाण्याजवळची ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होती. मी तिथवर गाडी नेली, खिडकी समुद्राकडे करून उभी केली, आणि ती जागी झाल्यावर तिचं तोंड कसं दिसेल याची वाट बघत पायरीवर बसलो. समुद्रकाठच्या कोणत्याही पोराने मला तिथे उभं राहू दिलं नसतं. ओहोटीची वाळू ही समुद्राचीच असते, सहा तासांनी तो ती परत मागतो, हे मला घाटाच्या पायथ्याच्या माणसाला नुसतं ऐकून माहीत होतं. आणि त्या दिवशी दशमी होती, म्हणजे दुपारी ओहोटी सरून संध्याकाळपर्यंत पाणी चढतच जाणार होतं.

पाणी चाकाला लागलं तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा लागून मागे गेलं तेव्हा चाकाखालची वाळू घेऊन गेलं. मी गाडी सुरू केली. चाकं जागीच फिरली आणि वीतभर खाली बसली. कपाटाची दारं उचकटून, खाटेच्या बाजूची फळी काढून मी चाकांखाली घातली. माझ्या हाताने रंधलेलं फणसाचं लाकूड डोळ्यांदेखत तरंगत निघून गेलं. गाडी समुद्राच्या बाजूला कलली. आता पाणी पायरीवर आलं होतं आणि लवकरच आतल्या जमिनीवरून फिरायला लागलं.

ही जागी झाली होती. मी तिच्या काखेत हात घालून उचलायला गेलो. साठीचा माणूस मी, अंगाने काटकुळा, आणि अर्धं अंग गेलेलं माणूस किती जड होतं ते ज्यांनी उचललंय त्यांनाच ठाऊक. खाटेच्या कडेपर्यंत आणली. कलत्या गाडीत तिला धरून दारातून निघणं माझ्याच्याने होईना. पुन्हा आणली, पुन्हा सोडावी लागली. तिसऱ्या वेळी मला लख्ख कळलं की हिच्यासाठी बांधलेलं हे घर आता हिचं मरण होणार आहे. सुरूच्या पलीकडे वाडी होती. धावत गेलो असतो तर माणसं मिळाली असती, पण तेवढ्या वेळात पाणी खाटेवर चढलं असतं. आणि तिला एकटी टाकून जायचं, हे मनात आलं तरी पाय हलेनात.

गुडघाभर पाण्यात दाराशी उभा राहिलो. ओरडलो, तो आवाज लाटांनी गिळला. मग हात जोडले. वर्षाहून जास्त ज्याच्याशी बोललो नव्हतो त्याच्याशी काय बोलावं कळेना, आणि तिथे नेमकं कुणाशी बोलावं तेही कळेना. ती जागा जमीन होती की समुद्र, तिचा राखणदार कोण, त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तरी तोंडातून गाऱ्हाणंच निघालं, गावात ऐकत आलो होतो तसं. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेचो तू जो कोण धनी आसशीत, तुज्या पायाकडे उबो आसंय. माजी चुकी झाली ती पोटात घाल. ह्यां घर माजां नाय, तुजां. हिका सुखरूप भायर काड."

तेवढं बोलून मी थांबलो. गाऱ्हाण्यात तिथे थांबतातच, लोकांच्या होकारासाठी. आणि गाडीतून, त्या कलत्या खाटेवरून, तिच्या जड जिभेने, पण स्पष्ट आलं, "व्हय म्हाराजा."

जिच्यासाठी मागत होतो, तीच होकार द्यायला उभी राहिली होती. मला रडू फुटलं आणि मी रडत रडतच पुढचं म्हणालो, "आता तुज्या मनात आसात तसा कर." या वेळी होकार पाठीमागून आला, एका आवाजात पंधरा-वीस जणांचा. व्हय म्हाराजा. मी वळलो. पुळणीवरून माणसं धावत येत होती आणि त्यांच्या खांद्यावर दोराची वेटोळी होती.

ती रापणीची मंडळी होती. किनाऱ्यावर उभं राहून दोन लांब दोरांनी जे मोठं जाळं ओढतात, ते रापण. त्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, त्याने आधी गाडीभोवती फेरी मारली. गळ्यात क्रूस असलेला इनास नावाचा गडी पाण्यात बुडी मारून चासीला दोर बांधून आला. कललेल्या गाडीच्या अरुंद दारातून तिला लाटांमध्ये काढणं धोक्याचं होतं, म्हणून दोघे आत शिरून हिला दोन्ही बाजूंनी धरून बसले. मी दोराला हात घातला आणि जीव खाऊन ओढायला लागलो, तेव्हा तांडेलाने मला थांबवलं.

"लाट इली काय ओढा," तो म्हणाला, "गेली काय नुसती धरून ऱ्हवा. दर्याशी झोंबू नकात. तोच उचलून दितलो."

आणि मी पाहिलं ते असं. लाट यायची, गाडीखाली शिरायची आणि तो सगळा भार अलगद उचलायची. त्या एका क्षणात वीस माणसं दोन पावलं मागे जायची. लाट परत फिरली की दोर ताठ धरून सगळी स्तब्ध. ज्या पाण्याला मी तासभर वैरी समजून झोंबत होतो, तेच पाणी आम्हाला किनाऱ्यावर नेत होतं. किती लाटा आल्या ते मोजलं नाही. माझे हात दोरावर होते खरे, पण काम माझे हात करत नव्हते, हे मला उघड दिसत होतं. सूर्य बुडायच्या आत गाडी सुरूच्या सावलीत उभी होती.

मागाहून विचारलं तेव्हा कळलं, की रापण किनाऱ्याच्या वरच्या अंगाला लावलेली होती आणि मासळी फारशी मिळाली नव्हती. काम आटोपलं की ही माणसं नेहमी सुरूतून परस्पर वाडीत जातात. त्या दिवशी किनाऱ्याने का आलात, म्हटलं. तांडेल डोकं खाजवत म्हणाला, ते काही त्याला सांगता येणार नाही. इनासला मी विचारलं, तूही व्हय म्हाराजा म्हणालास? तो दोर पिळत म्हणाला, "गाऱ्हाणां आयकलां तर व्हय म्हणूचा लागता. देव कोणाचो तां मगे बघूया."

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. गाडीचं दार मी रुंद केलं आणि जिथे जाईन तिथे आधी चार माणसांची ओळख करून घ्यायला लागलो. खारेपाटणच्या नदीकाठी राहिलो, आणखी कुठेकुठे राहिलो. तिची जीभ थोडी सुटली आणि मीठ कमी पडल्याचं मला पुन्हा ऐकून घ्यावं लागलं. चमत्कार झाला असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगतो, की माणसाने ओढायचं केव्हा आणि नुसतं धरून राहायचं केव्हा, हे तो धनी ठरवतो, आणि तसं वागलं की भार हलका लागतो.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. मंडळी वाडीत चहा करायला गेली होती. ही भिजलेल्या गादीवर, खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायांना हात लावून म्हणालो, मी तुला मारायला आणली होती गो, तू घाबरली असशील. तिने नाही म्हणून मान हलवली. तिचा डोळा पाण्यावरून हलत नव्हता आणि चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली होती तेव्हाचा उजेड होता.

"भियाक कित्याक व्हया?" ती म्हणाली. "माका जावक जमणा नाय म्हणान, तो माका बघूक इललो."

मी हात जोडले. कुणाला जोडले, ते त्या दिवसापासून मी विचारत नाही.