कुठले भालेराव?

एकता भालेरावच्या आयुष्याला एका पोटदुखीने वळण दिलं, असं सांगितलं तर कुणाला खोटं वाटेल. पण झालं ते असंच. सिंगापूरला नोकरीवर रुजू झाली त्या दिवशी तिचं पोट बिघडलं होतं. जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, सगळे चिकन राइसवर तुटून पडले आणि तिने आपला भात-भाजी घेतली. समोर तिचे बॉस हेमचंद्र आणि त्यांची बायको विनीता. विनीताताईंनी ताटाकडे पाहिलं, आडनाव पुन्हा विचारलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "अगोबाई, आपल्यातलीच की!"

भालेराव ब्राह्मणांतही असतात आणि बौद्धांतही. 'आम्ही बौद्ध', तेव्हा एकताने एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. पोटात कळ आली होती हे खरं, पण कुठलीही कळ काही वर्षानुवर्षं टिकत नाही.

मग गौरीच्या जेवणाला तिला थेट स्वयंपाकघरात बोलावणं येऊ लागलं. पुरण वाटायला, नैवेद्याचं पान वाढायला. घरी अंडी केली की टरफलं ती पिशवीत पिशवी घालून इमारतीचा कचरा खाली सोडायच्या च्यूटमध्ये टाकी, जणू मुडदाच लपवते आहे. हसू येण्यासारखंच होतं सगळं. पण एकदा चहा पिता पिता विनीताताई हेमचंद्रांच्याच टीममधल्या कुशलबद्दल बोलल्या. "त्याच्या घरी गेलो, भिंतीवरचा फोटो पाहिला तेव्हा कळलं. आधी सांगू नये का माणसाने? फसवल्यासारखं वाटतं बाई." त्या वर्षी कुशलच्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे नोकरीच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज कंपनीने पुढे पाठवलाच नाही. हेमचंद्रांनी निरोपाला केक मात्र छान आणला होता.

आणि आता एकताचा पास संपत आला होता.

नेमके तेव्हाच तिचे वडील, रावसाहेब, संभाजीनगरहून आले. आयुष्यभर शाळामास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि भेटेल त्याला खणखणीत 'जय भीम'. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या चिनी बाईलाही त्यांनी घातला, आणि ती बिचारी हसलीसुद्धा. लेक एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते याचा त्यांना कोण अभिमान! त्यात रविवारची मैफल होती आयडा कॉलवेलच्या संगीताची. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत सिंफनी लिहिणारी कृष्णवर्णीय बाई! रावसाहेबांना ते ऐकूनच भरून आलं. "म्हणजे आपलीच की गं," ते म्हणाले.

विनीताताईंनीही तिकिटं काढली होती. "आपली एकता वाजवणार, मग यायलाच हवं."

ही दोन्हीकडची 'आपली' एकताला एकाच सभागृहात नको होती. निघायच्या आधी तिने धीर केला. "पप्पा, कुणी विचारलंच तर देशस्थ म्हणाल? पैठणकडचे. एवढ्या एका वेळेपुरतं. माझ्या पासचा प्रश्न आहे."

रावसाहेब भांग पाडत होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कंगवा खाली ठेवला आणि नुसतं "बरं" म्हटलं. वुडलँड्सच्या तिच्या घरून हॉलपर्यंत एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ते स्टेशनांची नावं वाचत राहिले. एकताला त्या 'बरं'ची भीती वाटू लागली.

मध्यंतरानंतर, सिंफनी सुरू करण्याआधी, कंडक्टर माइकपाशी आली. आयडा रंगाने उजळ होती, असं ती सांगू लागली. संगीतशाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिने आपलं मूळ लपवलं. आई सावळी. लेकीची पहिली मैफल ऐकायला आली तेव्हा ती दारावरच्या माणसाला म्हणाली, मी या मुलीची मोलकरीण आहे. सभागृहात कुणीतरी हळहळलं. एकताने प्रेक्षकांत वडिलांना शोधलं. ते पुढे वाकून ऐकत होते, कठीण धडा समजून घेणाऱ्या मुलासारखे. दोन रांगा मागे हेमचंद्र आणि विनीताताई बसले होते. संथ भाग सुरू झाला तेव्हा तिचा गज नुसता सवयीने चालला होता. संगीत सुंदर होतं. तिला त्यातलं काही ऐकूच आलं नाही.

बाहेर लॉबीत विनीताताईंनी गाठलंच. "काय सुरेख वाजवलंस! आणि हे बाबा ना तुझे? या या. कुठले भालेराव तुम्ही?"

'पैठण' एवढं एकच एकताला ऐकायचं होतं.

"छे हो," रावसाहेब हसून म्हणाले, "मी कसला भालेराव! मी वाघमारे. हिच्या वडिलांच्या शाळेत शिपाई होतो. माझा मुलगा असतो इथे, वुडलँड्सला. साहेबांची पोरगी वाजवणार म्हणून ऐकायला आलो." मग त्यांनी ताठ उभं राहून हात जोडले. "जय भीम."

जात त्यांनी झाकली नाही. लेक तेवढी नाकारली.

"अस्सं," म्हणत विनीताताईंनी पुढे केलेला हात पर्सकडे वळवला आणि त्या एकताशी बोलू लागल्या. "तुझे आईबाबा कधी येणार गं?"

वडील हातभर अंतरावर उभे होते. आत्ताही वेळ गेली नव्हती. हेच माझे बाबा, एवढंच म्हणायचं होतं.

"येतील," एकता म्हणाली. "पुढच्या वर्षी."

हेमचंद्रांनी रावसाहेबांचं रुंद कपाळ पाहिलं, बसकं नाक पाहिलं, मग सावकाश एकताच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सोमवारी जरा केबिनमध्ये ये," ते म्हणाले. चेहऱ्यावर निरोपाच्या केकच्या दिवशीचं हसू होतं.

परतीच्या गाडीत रावसाहेब तिच्या शेजारी बसले नाहीत. समोरच्या बाकावर, टोकाला जाऊन बसले. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिचे डोळे भरून आले.

"पप्पा, इकडे बसा ना."

त्यांनी घाईघाईने डब्यात दोन्हीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, माय. कुणी ओळखीचं असेल."